मदत हवी आहे: गावात पेशंटची ने-आण करणारी गाडी चालवतो, पेट्रोलचे पैसे घ्यावेत का?

नमस्कार मंडळी,

जरा लांबलचक लिहितेय पण पूर्ण वाचा प्लीज.

आमचं गाव रत्नागिरी जिल्ह्यात, तालुक्यापासून बरंच आत. पाच वाड्या, दोन सड्यावर (वरच्या कातळपठारावर) आणि एक पऱ्याच्या (ओढ्याच्या) पलीकडे. तरुण मुलं मुंबईला, ती गणपतीला नि शिमग्याला येतात, एरवी गावात सत्तरीच्या पुढची माणसं आणि त्यांच्याकडे बघणारी आम्ही थोडीफार मंडळी. कोविडनंतर गावच्या मुंबईकरांच्या मंडळाने वर्गणी काढून एक सेकंडहँड ईको गाडी घेऊन दिली. गावातलेच लोक पाळीपाळीने चालवतात, पगार कोणालाच नाही. कोणाला कधी न्यायचं, कोण नेणार, सोबत कोण जाणार हे फोनवर ठरवायचं काम माझ्याकडे आहे. बाईमाणूस पेशंट असेल तर सोबत बाई द्यायचीच असा आमचा नियम आहे.

आता कोणीतरी म्हणेल 108 आहे की. आहे आणि चांगली आहे, 2014 पासून किती जणांचे जीव वाचले असतील. अटॅक आला, साप चावला, पडून मोडलं की आम्ही पण पहिला फोन 108 लाच करतो, बाळंतिणीसाठी 102 आहे. पण ती गाडी इमर्जन्सीची, आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यायला कशी येईल? डोळ्याच्या ऑपरेशननंतर तपासणीला जायचंय, टाके काढायचेत, डिस्चार्ज मिळाला आणि घरी यायचंय, यासाठी गावात काहीच नाही. एसटी पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना 2022 पासून फुकट आहे, बायकांना अर्धं तिकीट आहे, म्हणजे अडचण तिकिटाची नाही. वस्तीची गाडी पहाटे निघते आणि फाटा सड्यावरच्या वाडीपासून पाखाडी (दगडी पायऱ्यांची वाट) उतरून खाली, ज्याला दोन पावलं टाकवत नाहीत त्याने अंधारात कसं उतरायचं? प्लास्टिकच्या खुर्चीला दोन बांबू बांधून आमची माणसं चौघांत उचलून आणतात, पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं तेव्हा माझा जीव टांगणीला लागलेला असतो.

एक काका दर मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिसला जातात. उपचार सरकारी योजनेत फुकट आहे, पण भाड्याची गाडी केली तर थांबण्यासकट दीड-दोन हजार मागतात, म्हणजे महिन्याला किती होतात बघा. परत येताना ते अगदी गळून गेलेले असतात, बीपी उतरलेलं, मळमळ, फिश्चुला (डायलिसिसची सुई टोचायला जोडून घेतलेली शीर) असलेल्या हाताला पट्टी. आमच्या मुलांना आता पाठ झालंय की त्या हाताला धरून उठवायचं नाही, पुढची सीट मागे सरकवून आधी बसवायचं मग पाय आत घ्यायचे, पिशवी हाताशी ठेवायची, घरी पोचल्यावर लगेच उभं करायचं नाही.

तर प्रश्न असा की पेट्रोल आणि मेंटेनन्सला मंडळाची वर्गणी पुरत नाहीये. घरची लोकं स्वतःहून पैसे देऊ करतात, फुकट बसायला त्यांना अवघड वाटतं. फेरीमागे ठराविक रक्कम घेतली तर चालेल का? गाडी पांढऱ्या पाटीची, म्हणजे खाजगी आहे आणि एका चाकरमान्याच्या नावावर आहे. दुसरं म्हणजे मार्च ते मे सगळे ड्रायव्हर आंब्यात आणि जून-जुलैत भातलावणीत, तेव्हा काय करायचं? आणि तिसरं, जी माणसं अंथरुणाला खिळली आहेत त्यांच्याकडे आम्ही जाऊन बसतो, अंग पुसतो, गोळ्या देतो, पण आम्हाला कोणी शिकवलेलं नाही, ते कुठे शिकता येईल?

— पाखाडी

प्रतिसाद १ (लांजेकर)

ताई, आधी मनापासून नमस्कार तुम्हा सगळ्यांना.

मी इन्शुरन्समध्ये आहे म्हणून स्पष्ट लिहितो. फेरीमागे पैसे घेऊ नका. पांढऱ्या पाटीच्या गाडीत पैसे घेऊन माणूस बसवला की ती भाड्याची वाहतूक झाली, मोटार वाहन कायद्याच्या कलम 66 प्रमाणे त्याला परमिट लागतं आणि नसेल तर 192अ खाली 10 हजारांचा दंड आहे, गाडी अडकवून ठेवू शकतात ते वेगळंच. देणगी म्हटलं आणि प्रत्येक फेरीला तेवढीच घेतली तर नाव बदललं, गोष्ट तीच. पण दंडापेक्षा मला भीती पॉलिसीची वाटते. प्रायव्हेट गाडीच्या पॉलिसीत भाड्याने वापर चालत नाही असं लिहिलेलंच असतं, काही झालं तर कंपनी त्यावर बोट ठेवणार आणि सगळं त्या मुंबईच्या माणसावर येणार, ज्याने चांगल्या मनाने आपलं नाव दिलंय.

आज पॉलिसी काढून बघा नुसती थर्ड पार्टी (फक्त समोरच्याचं नुकसान भरणारी) आहे का पॅकेज (आपल्या गाडीचंही धरणारी). नुसत्या थर्ड पार्टीत गाडीत फुकट बसलेल्या माणसाला कव्हर धरत नाहीत, पॅकेजमध्ये आहे, विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या इर्डाने 2009 मध्येच तसं स्पष्ट केलंय. सेकंडहँड गाडी घेताना लोक हमखास स्वस्तातली थर्ड पार्टी काढतात. शिवाय 15 लाखांचा जो पर्सनल अॅक्सिडेंट असतो तो फक्त मालक-ड्रायव्हरचा, तुमची मुलं चालवतात त्यांना तो लागू नाही, त्यांच्यासाठी आणि बसणाऱ्यांसाठी वेगळं अॅड-ऑन (जादा कव्हर) घ्यावं लागतं. थोडेच पैसे जास्त जातात पण घ्याच.

प्रतिसाद २ (घाटावरची)

लांजेकर दादांशी सहमत. पैसे घ्या पण फेरीशी जोडू नका. आमच्या भागात भजनी मंडळाने असंच काम सुरू केलंय, तिथे वर्षाला घरटी वर्गणी आहे, ज्याच्या घरी पेशंट आहे तोही तेवढीच देतो आणि ज्याच्या घरी नाही तोही. जो देऊ शकत नाही त्याला कोणी विचारत नाही. कोणाला जास्त द्यायची असेल तर पावती फाडायची, गाडीत हातात पैसे घ्यायचेच नाहीत, ड्रायव्हरने तर अजिबात नाही. हे ड्रायव्हरसाठी पण बरं, नाहीतर अमक्याला शंभर दिले तमक्याला दिले नाहीत यावरून गावात काय होतं ते सगळ्यांना माहितीय.

तुमचं मुंबई मंडळ रजिस्टर्ड आहे का? असेल तर गाडी मंडळाच्या नावावर करून घ्या, वेगळं बँक खातं, दरवर्षी ऑडिट, धर्मादाय आयुक्तांकडे हिशोब. व्हीलचेअर वगैरे लागत असेल तर ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात, ग्रामसभेत उभं राहून विचारा.

प्रतिसाद ३ (सिस्टर)

मी डायलिसिस युनिटला काम करते. तुमच्या मुलांनी जे शिकून घेतलंय ना ताई, ते कित्येक घरच्या नातेवाइकांना पण माहीत नसतं. एक सुचवते. सेंटरला जाऊन शिफ्टबद्दल बोला. एका वेळचं साधारण चार तास चालतं, तेवढा वेळ तुमचा ड्रायव्हर बाहेर बसून राहतो. त्याच रस्त्यावरच्या पुढच्या-मागच्या गावातले पेशंट एकाच दिवशी एकाच शिफ्टला लावून घेता आले तर एका गाडीत दोघं-तिघं येतील आणि तीन गावं मिळून ड्रायव्हर देतील, आंब्याच्या सीझनचा तुमचा प्रश्न पण तिथेच थोडा सुटेल. आम्हाला कोणी सांगितलं की शक्य असेल तर आम्ही करतो, पण लोक सांगतच नाहीत. सकाळची शिफ्ट मागा, पावसात अंधार पडायच्या आत पाखाडी चढून झाली पाहिजे.

प्रतिसाद ४ (कोळीकोडची पाहुणी)

मी नोकरीमुळे केरळात कोळीकोडला (कोझिकोड) राहते. तुम्ही तिसरा प्रश्न विचारलात त्याचं उत्तर इथे डोळ्यासमोर आहे म्हणून लिहितेय. इथे 1993 मध्ये मेडिकल कॉलेजात पॅलिएटिव्हचं (बऱ्या न होणाऱ्या पेशंटचा त्रास कमी करण्याचं) काम सुरू झालं आणि 2001 च्या सुमाराला मलप्पुरम जिल्ह्यात ते गावातल्या लोकांनी हातात घेतलं. आठवड्याला किमान दोन तास देणारी माणसं, त्यात दुकानदार, शिक्षक, रिक्षावाले, कॉलेजची मुलं सगळे, त्यांना आधी ट्रेनिंग देतात आणि सोबत नर्स घरोघरी फिरते. बराचसा पैसा गावातल्याच छोट्या देणग्यांतून उभा राहतो. 2008 मध्ये केरळ सरकारने धोरण केलं आणि पंचायती त्यात आल्या. म्हणजे आधी लोक आणि मग सरकार, तुम्ही बरोबर रस्त्यावर आहात.

शिकण्यासाठी तुमच्या पीएचसीच्या (प्राथमिक आरोग्य केंद्राच्या) डॉक्टरांना भेटा आणि जिल्हा रुग्णालयात पॅलिएटिव्ह केअरचं कोणी आहे का विचारा. सहा गोष्टी शिकलात तरी खूप: कूस बदलणं, पाठीच्या जखमा ओळखणं, तोंडाची स्वच्छता, लघवीच्या नळीची काळजी, उचलताना आपली कंबर सांभाळणं, आणि गोळ्यांची वही ठेवणं. कोणत्याही गोळीचा डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. दर दोन तासांनी कूस बदलायची हे घरच्यांना पटवणं सगळ्यात कठीण असतं, कारण पेशंट कण्हतो आणि त्यांना वाटतं राहू दे बिचाऱ्याला झोपलेलं, आणि तेवढ्यात माकडहाडापाशी कातडी लाल होते. लाल दिसली आणि बोटाने दाबून पांढरी झाली नाही तर त्याच दिवशी नर्सला दाखवा.

पाखाडी

सगळ्यांचे खूप आभार, एवढं नीट कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. पॉलिसी काढून बघितली, नुसती थर्ड पार्टीच आहे. मुंबईला फोन केलाय, या आठवड्यात पॅकेज आणि अॅड-ऑन करून घेतो, तोपर्यंत काकांसाठी भाड्याची गाडी मंडळाच्या पैशातून करतोय. फेरीचे पैसे घेण्याचा विषय बंद, घरटी वर्गणीचं येत्या ग्रामसभेत मांडतो आणि 5 टक्क्यांचं पण तिथेच विचारते.

सिस्टर, शिफ्टसाठी सेंटरला अर्ज लेखी द्यायचा का तोंडी चालतो? शेजारच्या गावात अजून एक आजी डायलिसिसला जातात हे कालच कळलं, त्या गुरुवारी जातात.

आणि अजून एक विचारायचं आहे, खुर्चीला बांबू बांधण्याऐवजी पायऱ्यांवरून न्यायला काही घडीचं स्ट्रेचर किंवा उचलायची खुर्ची मिळते का, कोणी वापरली असेल तर वजन किती आणि चौघांना धरायला नीट पडते का ते सांगा. पाऊस सुरू व्हायच्या आत घ्यायची आहे.