मदत हवी आहे: दहा वर्षांच्या खंडानंतर अकाउंट्सची नोकरी, इंटरव्ह्यूत काय आणि कसं सांगू?

अनुजा_नाशिक

नमस्कार मंडळी,

मी नाशिकची. बी.कॉम.नंतर अंबड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेशनच्या कारखान्यात अकाउंट्स बघत होते. २०१५मध्ये नोकरी सोडली. मुलगी लहान होती, पाठोपाठ सासऱ्यांचं डायलिसिस सुरू झालं, आणि परत जाणं लांबत गेलं. आता मुलगी आठवीत आहे, घरची घडी बसली आहे आणि मला मनापासून कामावर परतायचंय.

अडचण अशी की मी ज्या कामात तरबेज होते ते कामच राहिलेलं नाही. व्हॅटचं (तेव्हाचा राज्याचा विक्रीकर) २३१ रिटर्न, सीएसटी (परराज्यातल्या विक्रीवरचा कर), एक्साइजची रजिस्टरं, सर्व्हिस टॅक्स हे सगळं मी एकहाती बघायचे. ऑडिटला ७०४ फॉर्मसाठी (व्हॅटचा ऑडिट रिपोर्ट) जे-वन (गिऱ्हाईकवार विक्री), जे-टू (सप्लायरवार खरेदी) तयार करायचे, पार्ट्यांच्या मागे लागून सी फॉर्म (सीएसटी कमी लागावा म्हणून खरेदीदाराने द्यायचा) गोळा करायचे. १ जुलै २०१७ला या सगळ्यांच्या जागी जीएसटी आला तेव्हा मी घरी होते.

अलीकडे जीएसटीचा क्लास केला. आर-वन (विक्रीचं रिटर्न) ११ तारखेपर्यंत, टूबी (सप्लायरनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर आपोआप तयार होणारी आपल्या खरेदीची यादी) १४ला येतं, थ्रीबी (कर भरायचं महिन्याचं रिटर्न) २०पर्यंत, हे डोक्यात पक्कं आहे. पूर्वी हात टॅली ईआरपी ९वर बसलेला होता, म्हणून घरच्या लॅपटॉपवर टॅलीप्राइम एज्युकेशनल मोडमध्ये टाकून सराव करते. (त्यात ठरावीक तारखांच्याच एन्ट्र्या होतात, पण हात बसायला तेवढं पुरतं.)

तरीही इंटरव्ह्यूत त्याच त्या जागी अडकते. सातपूरच्या एका कंपनीत बायोडाटा बघून साहेब म्हणाले, "२०१५नंतर काय केलंत?" मी घरचं सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे जीएसटीत तुम्ही फ्रेशरच." पुढे पगारही फ्रेशरचाच सांगितला. दुसऱ्या एका ठिकाणी एक्सेलची टेस्ट घेतली. एका शीटवर टूबी, दुसऱ्यावर परचेस रजिस्टर, अर्ध्या तासात फरक काढा. पार्टीच्या बिलाचा नंबर टूबीत एसई/२४-२५/००४५ आणि रजिस्टरमध्ये नुसता ४५! व्हीलुकअप (एका यादीतली नोंद दुसरीत शोधणारा एक्सेलचा फॉर्म्युला) लावला तर जवळजवळ सगळीच बिलं 'सापडत नाही'. एकेक डोळ्यांनी जुळवत बसले आणि वेळ संपली. निघताना तिथल्या बाईंनी विचारलं, "घरी पेशंट आहेत, मुलगी आहे, मार्च एंडला थांबाल का?" मी म्हटलं, "बघू, करू काहीतरी." बाहेर पडल्यापासून ते उत्तर मनात सलतंय.

पुढच्या आठवड्यात आणखी एक कॉल आहे. ऑटो पार्ट्स बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, अकाउंट्सला तिघंजण. खंड बायोडाटात कसा लिहायचा, त्या टेस्टची तयारी कशी करायची आणि पगार विचारला तर काय सांगायचं, याबद्दल अनुभवी लोकांनी मार्गदर्शन करावं. इंग्रजी वाचता-लिहिता येतं, पण बोलताना अडखळते. त्याचंही दडपण आहे.

(आमच्या सोसायटीची मी २०१९पासून खजिनदार आहे. पण ते बिनपगारी काम, म्हणून बायोडाटात घातलेलं नाही.)

जमाखर्च

अनुजाताई, कंसातलं शेवटचं वाक्य वाचून राहवलं नाही. मी बरीच वर्षं कारखान्यांचे अकाउंट्स बघतोय, माणसंही निवडतो. सोसायटीची खजिनदार म्हणजे मेंटेनन्सची बिलं, थकबाकी, सिंकिंग फंड आणि रिपेअर फंड वेगळे ठेवणं, बँक रिको (बँकेच्या आणि आपल्या नोंदी जुळवणं), ऑडिटरच्या शंकांना उत्तरं आणि ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभेपुढे ताळेबंद. सभासद ताळेबंदाची ओळ न् ओळ वाचून जाब विचारतात. हे सगळं सांभाळणाऱ्या माणसाला मी खंड पडलेला माणूस म्हणणार नाही.

बायोडाटात अगदी वर लिहा: '२०१९ ते आजपर्यंत, मानद खजिनदार, सहकारी गृहनिर्माण संस्था', खाली फ्लॅट किती आणि वर्षाची उलाढाल किती. 'मानद' लिहिलं की पगाराचा प्रश्न उरत नाही आणि खोटंही काही होत नाही. त्याखाली जुनी नोकरी. २०१५ ते २०१९साठी 'कौटुंबिक जबाबदारी' एवढे दोन शब्द पुरे. इंटरव्ह्यूत विचारलं तर एका वाक्यात सांगायचं आणि लगेच कामावर यायचं. आजारपणाचा तपशील देऊ नका, त्यातूनच पुढचे नको ते प्रश्न निघतात.

आता 'फ्रेशर'चं. तुमच्या जे-टूमध्ये सप्लायरवार खरेदी असायची आणि सप्लायरने आपल्या जे-वनमध्ये तीच विक्री दाखवलेली नसली की व्हॅट खातं तुमचा सेट-ऑफ (खरेदीवर दिलेल्या कराची वजावट) अडवायचं, बरोबर? मग तुम्ही सप्लायरला फोन करायचात, लेजर कन्फर्मेशन मागवायचात, चुकीचा टिन (व्हॅट नंबर) दुरुस्त करून घ्यायचात. आजचं टूबी त्याच जे-टूचं धाकटं भावंड आहे. १ जानेवारी २०२२पासून टूबीत बिल दिसल्याशिवाय क्रेडिट (जीएसटीतली तीच वजावट) घेता येत नाही. तेव्हा वर्षाकाठी निघायची ती भानगड आता दर महिन्याला निघते, आणि ऑक्टोबर २०२४पासून पोर्टलवर आयएमएस आलंय, त्यात बिल स्वीकारायचं, नाकारायचं की पेंडिंग ठेवायचं ते ठरवता येतं. पण पार्टीशी गोड बोलून, प्रसंगी पेमेंट अडवून बिल अपलोड करून घेण्याचं कसब क्लासमध्ये शिकवत नाहीत. ते तुमच्याकडे आधीपासून आहे.

तेव्हा उत्तर असं द्या: "सर, व्हॅटमध्ये जे-वन जे-टूचं मॅचिंग मी स्वतः करत होते, सप्लायरकडून दुरुस्त्या करून घेत होते. जीएसटीतलं टूबीचं रिको त्याच तत्त्वावर चालतं. पोर्टल नवीन होतं, ते मी शिकून घेतलंय. हवं तर आत्ता करून दाखवते." आणि खरंच करून दाखवता आलं पाहिजे.

म्हणून टेस्ट. बिल नंबरवर आधी जायचंच नाही. दोन्ही शीटवर एक जादा कॉलम घ्या आणि त्यात पार्टीचा जीएसटी नंबर आणि करपात्र रक्कम (पैसे काढून, पूर्ण रुपयांत) जोडून एक किल्ली तयार करा. त्यावर लुकअप लावा. बहुतेक बिलं इथेच जुळतात. एकाच पार्टीची सारख्याच रकमेची दोन बिलं असतील तर लुकअप पहिल्यावरच थांबतो, म्हणून काउंटइफने अशा दुबार किल्ल्या आधी वेगळ्या काढा. उरलेल्यांत नेहमीचे यशस्वी कलाकार बघा: एका बाजूला आयजीएसटी (परराज्यातल्या व्यवहाराचा) आणि दुसरीकडे सीजीएसटी-एसजीएसटी (राज्यातल्या व्यवहाराचा), पुढच्या महिन्यात अपलोड झालेलं बिल, नोंदवायची राहिलेली क्रेडिट नोट, दोनदा पडलेली एन्ट्री. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फरकाची नुसती यादी देऊन उठू नका. प्रत्येकापुढे एक शब्द लिहा: 'पार्टीला कळवणे', 'पुढच्या महिन्यात क्रेडिट', 'आपली एन्ट्री दुरुस्त'. शीट अर्धी राहिली तरी चालेल, हा कॉलम भरणाऱ्याला मी घेतो.

तोंडी परीक्षेत मी हमखास विचारतो ते: ट्रान्सपोर्टवाल्याच्या भाड्यावर आरसीएम (कर विकणाऱ्याऐवजी घेणाऱ्याने भरायचा) कधी लागतो आणि तो कर क्रेडिटमधून भरता येतो का (नाही, रोखीनेच भरायचा, मग क्रेडिट घ्यायचं). बिलात जीएसटी वेगळा दाखवला असेल तर टीडीएस कशावर कापायचा (जीएसटी वगळून). महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ई-वे बिल (माल नेताना लागणारी ऑनलाइन पावती) किती रकमेच्या वर (१ लाख, राज्याबाहेर ५० हजार). ई-इन्व्हॉइस किती उलाढालीच्या वर (१ ऑगस्ट २०२३पासून ५ कोटी). कंपनी प्रायव्हेट लिमिटेड आहे, तेव्हा एडिट लॉग (टॅलीत एन्ट्रीतल्या प्रत्येक बदलाची राहणारी नोंद) का बंद करता येत नाही हेही वाचून जा. १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना ऑडिट ट्रेल सक्तीचा आहे. आणि टीडीएसची कलमं जुन्या आकड्यांनी पाठ असतील तर सांभाळा, १ एप्रिल २०२६पासून आयकर कायदा २०२५ लागू, त्यात आकडे बदललेत.

सुमेधा_ग

जमाखर्च यांनी कामाचं सांगितलंच आहे, मी 'मार्च एंडला थांबाल का'बद्दल लिहिते. मीही मोठ्या खंडानंतर परतले आणि हा प्रश्न मला प्रत्येक ठिकाणी आला. पुरुषांना विचारत नाहीत, बायकांना विचारतात. राग येतो आणि येऊ दे. पण 'बघू' या शब्दाने समोरच्याची शंका पक्की होते. इंटरव्ह्यूच्या आधी घरात बसून ठरवा की डायलिसिसच्या वारी कोण जाणार, उशीर झाला तर मुलीकडे कोण बघणार. मग खरं असेल तेवढंच ठामपणे सांगा: "रिटर्नच्या आठवड्यात आणि मार्च-एप्रिलमध्ये मी साडेसातपर्यंत थांबू शकते. एरवी सहाला निघेन." मी हे असं सांगितल्यावर पुढे एकही प्रश्न आला नाही, आणि रुजू झाल्यावर सहाला निघताना मान खाली घालावी लागली नाही. हे घरच्यांसमोर ठरवणं इंटरव्ह्यूपेक्षा अवघड गेलं, पण तेच उपयोगी पडलं.

इंग्रजीचं दडपण घेऊ नका. एमआयडीसीत निम्मं बोलणं मराठी-हिंदीतच होतं. तुमच्या हातून इंग्रजी जाणार ते मेलमधून. सप्लायरला 'तुमचं बिल टूबीत दिसत नाही, कृपया या महिन्याच्या आर-वनमध्ये घ्या' असा चार ओळींचा मेल आणि बॅलन्स कन्फर्मेशनचा एक मेल आधीच लिहून घोटून ठेवा. फक्त 'स्वतःबद्दल सांगा' याचं उत्तर इंग्रजीत मोठ्याने म्हणून बघा, रोज, आरशासमोर नाही तर घरातल्या माणसासमोर. माझा लेक ऐकायचा आणि अडखळले की थांबवायचा.

डोंबिवलीकर

एक सावधगिरी. नोकरीच्या साइटवर बायोडाटा टाकलात की 'तुमचं सिलेक्शन झालंय, फाइल चार्ज भरा' असे फोन येतील. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, डिपॉझिट, कुठल्याही नावाने पैसे मागितले की फोन ठेवा. शहरातल्या दोन-तीन सीएंच्या ऑफिसात मात्र बायोडाटा नक्की देऊन या. क्लायंटकडे अकाउंटंट हवा असला की मालक पहिला फोन सीएला करतो.

अनुजा_नाशिक

सगळ्यांचे खूप आभार. सोसायटीचं काम आज बायोडाटात सगळ्यात वर घातलं. ६४ फ्लॅट आहेत, मागच्या वर्षी लिफ्टचं मोठं काम झालं, त्याचं टेंडर, ठेकेदाराचा टीडीएस सगळं मीच बघितलं होतं. सुमेधाताई, तुमचं वाचून नवऱ्याशी बोलले. मंगळवार आणि शुक्रवारच्या डायलिसिसला तो जाणार, वार बदलले तर दीर.

जुन्या क्लायंटच्या फाइलींवरून क्लासच्या सरांकडून सरावाला एक टूबी आणि रजिस्टर मिळालं (नावं काढून). जीएसटी नंबर आणि रकमेची किल्ली लावली, उरलेली बिलं अक्षरशः बोटांवर मोजण्याइतकी! पगाराचं मात्र अजून कळत नाही. जुना पगार सांगू की अपेक्षा?

जमाखर्च

जुना पगार २०१५चा, तो सांगून उपयोग नाही. विचारलाच तर खरा आकडा सांगा आणि पुढे "पण ते काम आणि तो काळ वेगळा होता" एवढं जोडा. त्याआधी तुम्हीच विचारा की रिटर्न भरण्याची जबाबदारी माझी की नुसती एन्ट्री आणि कागद फाइलला लावणं? यावर पगार ठरतो. नुसत्या एन्ट्रीचा पगार घेऊन टूबी, टीडीएस आणि ऑडिट गळ्यात पडलेल्या मुली मी खूप बघितल्यात. आकडा मागितला तर हातात किती हवे ते ठरवून एकच आकडा सांगा, आणि त्याखाली किती उतरायचं ते घरूनच ठरवून जा. ते म्हणाले "आधी काम बघू", तर म्हणा, "तीन महिन्यांनी काम बघून वाढ करू असं ऑफर लेटरमध्ये लिहून द्या." तोंडी वाढ कोणाला आठवत नाही. पीएफ आहे का तेही विचारा. तुमचा जुना यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) शोधून त्याला आधार जोडलंय का बघा, रुजू होताना तेच आधी मागतात. महिना २५ हजारांपर्यंत पगार असेल तर महाराष्ट्रात महिलांना व्यवसायकर नाही, तोही हिशोबात धरा.

आणखी एक. कंपनीचा जीएसटी नंबर शोधा (२७ने सुरू होईल) आणि पोर्टलवर 'सर्च टॅक्सपेयर'मध्ये टाका. लॉगिन लागत नाही. आर-वन आणि थ्रीबी कुठल्या तारखांना भरलेत ते खाली दिसतं.

अनुजा_नाशिक

बघितलं. आर-वन वेळेवर आहे, पण थ्रीबी गेले चार महिने २०च्या पुढे, एकदा तर महिनाअखेर. याचा अर्थ काय घ्यायचा? इंटरव्ह्यूत विचारलं तर आगाऊपणा वाटेल का?

जमाखर्च

दोन शक्यता. पैशांची ओढाताण आहे, नाहीतर रिको वेळेत होत नाही म्हणून क्रेडिट अडकून थ्रीबी लांबतं. उशिरा का भरता असं थेट विचारू नका. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का म्हणतील तेव्हा म्हणा, "टूबीचं रिको सध्या कोण करतं आणि कुठल्या तारखेपर्यंत होतं?" रिको अडत असेल तर त्यांना नेमका तुमच्यासारखा माणूस हवाय आणि पगाराचं बोलणं तिथूनच सुरू करा. उत्तर टाळलं, तर पगार दर महिन्याला कुठल्या तारखेला होतो हे बाहेर पडताना अकाउंट्सच्या त्या तिघांपैकी कोणालातरी विचारून या.