पहिलं सिझर का झालं तेच माहीत नाही, या वेळी काय विचारून घेऊ?

वऱ्हाडातल्या एका खेड्यातून लिहिते आहे. दुसऱ्यांदा दिवस गेलेत, सातवा महिना चालू आहे. 9 तारखेच्या तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "पहिलं सिझर कशामुळे झालं?" मला सांगताच आलं नाही. डिस्चार्ज कार्डावर नुसतं 'एलएससीएस', म्हणजे सिझरच, आणि तारीख आहे. पोट माझं कापलं आणि कारण मलाच ठाऊक नाही, याचं फार वाईट वाटलं.

पोरगी आता अडीच वर्षांची आहे. तेव्हा सोयाबीन काढणीचे दिवस होते. 108 नं सरकारी दवाखान्यात नेलं, 40 किलोमीटर. रात्रभर कळा सोसल्या आणि पहाटे एकदम "घ्या हिला आत" झालं. सही यांची घेतली, व्हरांड्यात. मला कोणी काही सांगितलं नाही. पाठीत सुई टोचल्यावर पाय जणू गेलेच, वाटलं आता कायमचं असंच राहणार. "थोड्या तासांनी उतरेल", एवढं कोणी म्हटलं असतं तरी पुरे होतं. पोरीचं रडणं ऐकलं, तोंड पाहिलं ते दुपारी. तोवर तिला वरचं दूध पाजून झालं होतं.

पैशाची तक्रार नाही. ऑपरेशन, औषधं, जेवण सगळं जननी शिशु सुरक्षामध्ये फुकट झालं. फक्त झाडझूड करणारीनं खुशी मागताना "पोरगी आहे, कमीच द्या" म्हटलं, ते अजून टोचतं.

रात्रपाळीला एक सिस्टर होती. तिनं मला कुशीवर वळवलं, पोटापाशी चादरीची घडी ठेवली, पोरीला छातीशी लावलं आणि ती ओढायला लागेस्तोवर तिथंच उभी राहिली. खोकला आला की टाक्यांवर हात दाबून धरायचा, हेही तिनंच शिकवलं. त्या दवाखान्याचं नाव निघालं की मला तीच आठवते.

नंतर घरी फॉर्म भरताना विचारलं, "सेवेबद्दल समाधानी आहात का?" सासूबाई शेजारी बसल्या होत्या, मी "हो" म्हणाले. माय म्हणते, "दोघी जित्त्या घरी आल्या, अजून काय पाह्यजे वं?" तिचं खोटं नाही. पण या वेळी मला तसंच पुन्हा नको आहे.

जुने कागद मिळतील का? माय जवळ थांबू शकते का? सिझरच झालं तर बाळ लगेच माझ्याकडे देतात का? कोणाला अनुभव असेल तर सांगा.

प्रतिसाद 1
ताई, मी प्रसूती विभागात नर्स आहे. आधी कागद मिळवा. 2002 च्या वैद्यक परिषदेच्या नियमांप्रमाणे मागितल्यापासून 72 तासांत ते द्यायचे असतात. पण जपून ठेवायचं बंधन 3 वर्षांचं आहे, म्हणून उशीर करू नका. बाळ पायाळू होतं किंवा ठोके घसरले असं कारण निघालं, तर ते दर वेळी होतंच असं नाही. नॉर्मलचा प्रयत्न करायचा का, हे डॉक्टर त्यावरूनच ठरवतील. मात्र जुन्या टाक्यांमुळे कळा घरी काढत बसू नका, रक्ताची आणि ऑपरेशनची सोय असलेल्या ठिकाणी वेळेत जा.

संमतीची सही तुमची, समजून घेऊन. लेबर रूममध्ये सोबतीला बाई असावी असं सरकारच्या 'लक्ष्य' कार्यक्रमातच आहे. थिएटरमध्ये मात्र डॉक्टरांवर असतं. पाठीतल्या भुलीत तुम्ही जाग्या असता, तेव्हा बाळ ठीक असेल तर गालाशी लावायला आणि पहिल्या तासात पाजायला मागा. हे आधीच्या तपासणीतच बोलून ठेवा, ऐन वेळी कोणाला ऐकायला सवड नसते.

धागाकर्ती
खूप आभार ताई. कार्ड काढून पाहिलं, ऑक्टोबरात 3 वर्षं होतात. सोमवारी यांना घेऊन जाते. अर्जात नेमकं काय लिहू?

प्रतिसाद 1
केसपेपर, संमतीपत्र आणि ऑपरेशन नोट, तिन्हींच्या नकला हव्यात असं लिहा. कार्डावरचा नोंदणी क्रमांक टाका. दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून पोच घ्या.