कोकणात जाताना सोबत आचारी न्यायचा की तिथल्या खानावळीत जेवायचं?

कपाशीवाला, दारव्हा:
आमच्या गावची सहल यंदा डिसेंबरात कोकणात चालली आहे. कपाशीची दुसरी वेचणी आटोपली की निघायचं. ट्रॅव्हलर ठरली, रस्ता ठरला: सोलापूर, कोल्हापूर, फोंडा घाट उतरून मालवण, मग कुणकेश्वर आणि शेवटी गणपतीपुळे. गाडं अडलंय जेवणावर. अर्ध्या मंडळींचं म्हणणं, तुळजापूर-पंढरपूरला नेतो तसा आचारी, शेगडी, सिलेंडर आणि सगळा शिधा सोबत घ्यावा. माझं मत याच्या उलट. सिलेंडर घरी ठेवा आणि जिथे मुक्काम असेल तिथल्या घरगुती खानावळीत सकाळी सांगून दुपारी जेवा.

यात्रेला आपण देवासाठी जातो, तिथे जेवण पोटापुरतं असलं तरी भागतं. अर्धं कोकण तर ताटातच असतं. आठशे किलोमीटर जाऊन भक्तनिवासाच्या मागे आलू-वांग्याची भाजी आणि तुरीचं वरणच खायचं, तर दारव्ह्यात काय कमी आहे? आणि मी मोठ्या पाटीच्या हॉटेलांची वकिली करत नाही. पनीर मसाला आणि तंदूर रोटी यवतमाळच्या बसस्टँडसमोरही मिळते. मी म्हणतोय ती खानावळ म्हणजे घराची पडवी, तीन-चार टेबलं, आतून येणारा खोबरं वाटल्याचा वास, आणि आज काय आहे ते सांगायला बाहेर येणारी घरातलीच बाई.

ज्यांना पटत नाही त्यांनी कारण द्यावं. नुसतं "आपल्याला ते पचत नाही" चालणार नाही.

मास्तर, मेहकर:
पचत नाही हे कारण का चालणार नाही? प्रवासात पोट बिघडलं तर सहल तिथेच संपते. आमच्या मंडळात निम्मे माळकरी. कांदा-लसूण न खाणारे दोघे, साखरेच्या गोळ्या घेणारे तीन. त्यांना वेळेवर, ओळखीचं आणि कमी तेलाचं लागतं. किनाऱ्यावरच्या एका गावात (नाव घेत नाही) आम्ही दुपारी तीनला पोचलो. पहिल्या खानावळीत जेवण संपलेलं. दुसऱ्या ठिकाणी "शाकाहारी आहे" म्हणाले आणि बटाट्याची पातळ भाजी आणून ठेवली. शेजारच्या तव्यावर मासे परतणं चालूच. माळकरी माणूस तिथे घास कसा गिळेल?

आचारी असला की सकाळी सातला पोहे आणि बाराला चून-भाकर मिळतेच. शिवाय हिशोब बघा. तिथे ताटाला लागणाऱ्या पैशात आपल्या शिध्याचे दोन दिवस निघतात. सोयाबीनच्या भावाची काय गत आहे ते तुम्हाला सांगायला नको.

वर्धेची सून:
मास्तर, आचारी नेता हे खरं, पण कणीक कोण मळतं? मी अशा सहलीत गेलेली बाई आहे म्हणून विचारते. आचारी एक, माणसं वीस. मग "वहिनी, जरा लसूण सोलून देता का" इथून सुरुवात होते. समुद्राला ओहोटी लागलेली, पुरुषमंडळी गुडघाभर पाण्यात फोटो काढतायत, आणि आम्ही चौघी खोलीच्या मागे नळावर पातेली घासतोय. वाळूनं घासली, तेवढाच काय तो समुद्राचा उपयोग.

वर्षभर आम्ही रांधतोच. त्या चार दिवसांत दुसऱ्या कुणीतरी वाढलेलं गरम ताट समोर आलं तर त्याचे पैसे मी कापसाच्या वेचणीतून वेगळे काढून ठेवायला तयार आहे. शिध्यात स्वस्त पडतं म्हणता ते आमच्या हातांचा हिशोब धरत नाही म्हणून.

दुसरं म्हणजे आमचा ग्रुप वर्ध्याहून नागपूर-मडगाव गाडीने जायचं म्हणतोय, कुडाळला उतरायचं. रेल्वेत सिलेंडर नेणं गुन्हा आहे. 2023 च्या ऑगस्टमध्ये मदुराईला उभ्या असलेल्या यात्रेच्या डब्यात असाच चोरून आणलेला सिलेंडर होता. सकाळचा चहा करताना आग लागली आणि 9 जण गेले. "आमचं काही होत नाही" असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्टेअरिंग, पुसद:
राजेहो, तुमी समदे जेवनाचं बोलून रायले, गाडी कुठं उभी करायची हे कोनी बोलून नाई रायलं. खानावळ असते बोळीत. एका अंगाले चिऱ्याचा गडगा, दुसऱ्या अंगाले माड. सतरा सीटची ट्रॅव्हलर आत गेली तं रिव्हर्सच घ्या लागते. मी वर्षाचे सहा महिने गाडी चालवतो, मले विचारा. रात्रीचे दहा वाजले, घाट उतरून आलो, पोरं रडून रायली, तवा 66 नंबर हायवेवरचं कणकवली-कुडाळकडलं हॉटेलच कामी येते. उघडं असते, मोरी असते, लाईट असते. खानावळीवाले तवा झोपले असते.

आनखी एक सांगतो, वाईट वाटलं तं वाटू द्या. टुरिस्ट लोक ड्रायव्हरले विचारतात, "चांगलं कुठं मिळते?" ड्रायव्हर तिथंच नेते जिथं त्याले फुकट ताट भेटते. हे सगळीकडं हाय, कोकणातच नाई. मनून मले नका विचारू, भाजी इकणाऱ्या बाईले विचारा.

कपाशीवाला, दारव्हा:
स्टेअरिंगभाऊ, हे शेवटचं वाक्य लाख मोलाचं. पण रात्री दहाला पोचण्याचा कार्यक्रम आखतंच कोण? घाट दिवसाउजेडी उतरावा. (तो शक्तिपीठ महामार्ग झाला तर म्हणे पवनारहून गोव्याच्या हद्दीवरच्या पत्रादेवीपर्यंत एका दमात. ज्यांची वावरं त्यात जातायत त्यांना विचारा किती आनंद आहे. असो, तो वाद इथे नको.)

मास्तर, तुम्ही तीनला पोचलात यात खानावळीचा काय दोष?

कुडाळकर, सध्या वणी:
नोकरीनिमित्त बरीच वर्षं वणीत आहे, घर कुडाळ तालुक्यात. दोन्हीकडचं खाऊन बोलतो.

आमच्याकडे घरगुती खानावळ म्हणजे बहुतेक वेळा एक कुटुंब. दोन बायका आत, एक माणूस वाढायला. सकाळी बाजारात जे आलं ते घेतात आणि जेवढ्या ताटांची वर्दी असेल साधारण तेवढंच करतात. म्हणून दीड-दोननंतर संपतं. मालवणात लोकांचा घोळ असा होतो की सकाळी सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होडीच्या रांगेत उभे राहतात, परत येईपर्यंत दोन वाजतात, आणि मग जेवण शोधत फिरतात. होडीत बसायच्या आधी खानावळीत जाऊन माणसं किती, मासे खाणारे किती, न खाणारे किती एवढं सांगून या. थोडे पैसे आगाऊ ठेवा. मग अडीच वाजले तरी तुमचं ताट राखून ठेवतात.

शाकाहाराबद्दल मास्तरांचा मोठा गैरसमज आहे. आमच्यातले कितीतरी मासे खाणारे सोमवारी मासे खात नाहीत, श्रावण पाळतात. त्यामुळे बिनमाशांचं जेवण घराघरात होतं. बटाट्याची भाजी वाढतात ती न सांगता टपकलेल्या पाहुण्याला. आदल्या दिवशी "शिवराक हवं" म्हणून सांगा. मग काळ्या वाटाण्याची आमटी, कुळथाची पिठी, वालीची भाजी, आंबोळ्या असं जेवण होतं. काळ्या वाटाण्याच्या आमटीला भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण असतं, तुमच्याकडच्या पाटोडीच्या रश्शाला जवळची. कांदा-लसूणही नको असेल तर तेही आधी सांगा. आणि एकाच तव्याचा प्रश्न ज्यांना आहे त्यांनी पूर्ण शाकाहारी घर गाठावं. गुहागर, गणपतीपुळ्याकडे अशी खूप आहेत, केळीच्या पानावर वाढणारी. उकडीचे मोदक हवे असतील तर तेही आदल्या दिवशीच सांगायचे, दारात उभं राहून मागितले तर मिळत नाहीत.

तिखटजाळ, उमरेड:
सगळं मान्य, पण त्या जेवणात तिखट कुठाय? आम्ही भिवापुरी मिरचीवर वाढलेली माणसं. सावजीच्या रश्शात भाकर कुस्करली की कानातून वाफ निघते. तिथे सगळ्यात खोबरं. भाजीत खोबरं, आमटीत खोबरं, प्यायला दिलं त्यातही खोबरं. दुसऱ्या दिवशी मी खिशातून तिखटाची पुडी काढली. आचारी न्या अथवा नका नेऊ, पुडी मात्र न्या.

धानपट्टा, साकोली:
उमरेडकर, पुडी टाकून मासा खाल्ला म्हणजे मासा खाल्लाच नाही जी.

आणि वर सगळे असं बोलतायत की विदर्भाने मासा पाहिलाच नाही. आमच्या भंडारा-गोंदियाकडे या, मामा (माजी मालगुजारी) तलावांच्या गावात. रोहू, कटला, मरळ, झिंगे, हे आमचं रोजचं, आणि सोबत भातच. मला कोकणातलं ताट परकं वाटलं नाही, उलट सोपं वाटलं. रोहूत बारीक दुफाटे काटे असतात, पोराला भरवताना जीव टांगणीला लागतो. बांगड्याचा मधला काटा उचलला की दोन्ही बाजू मोकळ्या. ज्यांच्या घरी काट्याची भीती आहे त्यांनी सुरुवात बांगड्यानेच करावी.

आपल्याकडचे लोक तिथे बसल्या बसल्या सुरमई नाहीतर पापलेट मागतात, कारण तेवढीच नावं माहीत असतात. तेच सगळ्यात महाग. भिंतीवर "बाजारभावाप्रमाणे" लिहिलेलं असतं, आपण विचारत नाही आणि बिल आलं की कपाळाला हात लावतो. आधी विचारायचं. त्यापेक्षा म्हणा, आज सकाळी काय आलं? बांगडे, तारले, सौंदाळे, नशीब असेल तर मुडदुशे. हे स्वस्तही असतात. मासा दाखवा म्हणायला लाजू नका, बरेच जण ताटलीत आणून दाखवतात. डोळा फुगीर आणि स्वच्छ हवा, कल्ला लाल हवा, बोटाने दाबल्यावर खड्डा राहता कामा नये. ही परीक्षा तलावाच्या माशाला लागते तीच.

बांगड्याच्या कालवणात छोटी काळपट फळं तरंगताना दिसतील, ती तिरफळं. माझ्या साळ्याने मिरे समजून चावली आणि जीभ अर्धा तास मुंग्या आल्यागत बधिर. ती बाजूला काढून ठेवायची, वास तेवढा रश्शाला द्यायला असतात. त्या वासावर पातळ लाल रस्सा आणि उकड्या तांदळाचा जाडा भात. तिखटाची पुडी इथे उघडली तर तो वास मेलाच.

अजून एक. जून-जुलैत जाणार असाल तर माशांची आशा कमी ठेवा. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना समुद्रात बंदी असते. तेव्हा ताटात येणारी सुरमई बहुधा बर्फातली. त्या दिवसांत खाडीचे मासे, सुकटीची चटणी, नाहीतर सरळ कोंबडी.

कुडाळकर, सध्या वणी:
साकोलीकरांनी माझं काम केलं. तिखटजाळ, तुम्ही चुकीच्या ताटात तिखट शोधताय. माशाच्या कालवणाला ओलं खोबरं असतं, ते सौम्यच लागणार. कोंबडीला भाजलेलं खोबरं आणि मालवणी मसाला. कोंबडी-वडे मागवा आणि मग बोला. वडे तांदूळ, उडीद, मेथी, धणे वगैरेंच्या पिठाचे, गरम असतानाच खायचे.

आणि ते "प्यायला दिलेलं" म्हणजे सोलकढी. चांगली खानावळ ओळखायची तर तिच्यावरून ओळखा. आगळात, म्हणजे कोकमाच्या रसात, नारळाचं दूध घातलं की ती फार वेळ टिकत नाही, पाणी खाली आणि दूध वर असे थर होतात. म्हणून घरात जेवणाच्या तोंडावर करतात, लसूण-मिरचीचा वास ताजा येतो. भडक गुलाबी, गोडसर आणि बाटलीतून ओतलेली असेल तर स्वयंपाकघरातलं बाकीचंही तसंच समजा.

मास्तर, मेहकर:
आगाऊ सांगायचं हे पटलं. पण तुम्ही सगळे असं धरून चालताय की सहल म्हणजे एका गावी मुक्काम. आमचं रोज नवं गाव असतं, उद्या कुठे किती वाजता पोचू ते ठरलेलं नसतं. पाच गावांत कुणाकुणाला वर्दी देत बसायची? आणि सत्तरीच्या आजीला तांदळाची भाकरी तीन दिवस दिली की ती चौथ्या दिवशी ज्वारीच मागते. आचारी एकवेळ सोडतो, पण ज्वारीचं पीठ, फल्लीची चटणी आणि ठेचा मी नेणारच.

वर्धेची सून:
पीठ न्या की. थापणार कोण ते आधी सांगा.

स्टेअरिंग, पुसद:
मास्तर, पाच गावं काऊन करता? दोन करा. गाडीत बसूनच कोकण पाहाचं असन तं व्हिडिओ पाहा.

कुडाळकर, सध्या वणी:
ज्वारी थापायचा हात आमच्याकडच्या बायकांना फारसा नाही, त्यांचा हात तांदळाच्या उकडीचा. पण कसं करायचं ते दाखवलंत तर बहुतेक जणी करून देतील. मोडक्या होतील पहिल्या दोन. फोनवरच विचारून घ्या आणि त्या भाकरींचे पैसे ताटाच्या वर वेगळे द्या. रोज नवं गाव असेल तर आदल्या रात्री जिथे मुक्काम कराल त्याच माणसाला पुढच्या गावातलं घर विचारा. त्यांचे एकमेकांशी फोन असतात.

कपाशीवाला, दारव्हा:
मास्तरांचं पीठ मंजूर, पण शेगडी नाही. कुडाळकर, वीस माणसांत बारा मासे खाणारे आणि आठ न खाणारे, त्यात दोघांना कांदा-लसूण नको. मालवणात एकाच घरात जमेल की दोन घरं बघावी लागतील?

कुडाळकर, सध्या वणी:
दोन घरं. आठ जणांना आधी बसवा, नाहीतर बाराजणांचं आटपेपर्यंत मास्तर पुन्हा तीन वाजवतील.