शब्दचर्चा : चळवळीतल्या ‘अ‍ॅलाय’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्क चळवळीवरील एका लेखाचा मी अनुवाद करीत आहे. त्या चळवळीचे इतिहासकार तिच्या नेत्यांचा सन्मान कसा करतात, हा लेखाचा विषय आहे. त्यात ‘अ‍ॅलाय’ हा शब्द वारंवार येतो. ज्याच्यावर स्वतःवर तो अन्याय होत नाही, पण जो पीडितांच्या लढ्यात त्यांच्या बाजूने उभा राहतो, अशा माणसासाठी तो वापरला आहे आणि त्याला ‘हम्बल’ असे विशेषणही आहे. कोशात ‘मित्र’, ‘दोस्त’, ‘सहयोगी’ हे पर्याय मिळाले. ‘नम्र मित्र’ असे लिहून पाहिले, तर ते पत्राच्या शेवटच्या ओळीसारखे वाटते. योग्य शब्द कोणता?

उत्तर : कोशातले पर्याय का जुळत नाहीत, ते आधी पाहू. ‘दोस्त’ हा शब्द या अर्थाने आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धातल्या ‘दोस्त राष्ट्रां’मुळे रुळला, आणि ‘मित्र’ हा शब्द आज ‘मित्रपक्ष’ या रूपात वर्तमानपत्रात रोज भेटतो. दोन्हीकडे मैत्री म्हणजे दोन सत्तांनी आपापला लाभ पाहून केलेला करार असतो. नागरी हक्क चळवळीतल्या गोऱ्या माणसाचे कृष्णवर्णीयांशी असलेले नाते या जातीचे नाही. एकाला मार टाळता येत नाही, दुसऱ्याला तो टाळता येतो आणि तरीही तो तिथे थांबतो. हा फरक जो शब्द पुसून टाकतो, तो येथे चालणार नाही.

‘कैवारी’ आणि ‘उद्धारक’ हे शब्द मराठी लेखकाच्या लेखणीत आपसूक येतात, आणि ते मी कटाक्षाने टाळावेत असे सुचवीन. कैवार घेणारा नेहमी दुबळ्याचा कैवार घेतो, म्हणजे शब्द उच्चारतानाच समोरचा माणूस दुबळा ठरतो. उद्धार करणारा वर असतो आणि ज्याचा उद्धार व्हायचा तो खाली. ज्या माणसांनी 1955 च्या डिसेंबरपासून 381 दिवस बसमधल्या वंशभेदाविरुद्ध अलाबामा राज्यातल्या माँटगोमरी शहराच्या बसगाड्या ओस पाडल्या, कामावर पायी जाऊन आणि एकमेकांच्या मोटारींची सोय लावून वर्ष काढले, त्यांना कोणी तारले असे लिहिणे खोटे आहे. त्यांच्यातल्याच जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी एका रात्रीत हजारो पत्रके छापून बहिष्काराची हाक घरोघर पोहोचवली होती.

मग त्या शहरातले जे मोजके गोरे त्यांच्या बाजूचे होते, त्यांना काय म्हणावे? क्लिफर्ड आणि व्हर्जिनिया ड्युर या दांपत्याचे उदाहरण घ्या. 1 डिसेंबर 1955 रोजी बसमधली जागा गोऱ्या प्रवाशासाठी न सोडल्याबद्दल रोझा पार्क्स या कृष्णवर्णीय कार्यकर्तीला अटक झाल्याचे कळताच स्थानिक चळवळीतले ज्येष्ठ कार्यकर्ते ई. डी. निक्सन यांनी कोठडीत फोन केला, परंतु कृष्णवर्णीय माणसाला पोलीस आरोपही सांगेनात. तेव्हा निक्सन यांनी ड्युर यांना सांगितले. ड्युर गोरे आणि वकील असल्यामुळे त्यांना तत्काळ उत्तर मिळाले, आणि ते दोघे निक्सन यांच्यासोबत पार्क्स यांना सोडवायला गेले. जामीन निक्सन यांनी भरला. पुढे न्यायालयात उभे राहिले ते फ्रेड ग्रे हे तरुण कृष्णवर्णीय वकील, आणि ड्युर यांनी मागे राहून सल्ला दिला. आपल्या कातडीच्या रंगामुळे उघडणारे दार उघडून द्यायचे आणि आत मात्र ज्याचे काम आहे त्याला जाऊ द्यायचे, हा त्या शब्दातला मुख्य आशय आहे. माझ्या मते मराठीत तो ‘सहकारी’ या शब्दात सर्वांत स्वच्छपणे येतो.

‘सहकारी’ म्हटले की सहकारी बँक आणि साखर कारखाना आठवतो, हे खरे आहे. परंतु आपल्याच चळवळीच्या इतिहासात हा शब्द नेमक्या याच अर्थाने स्थिरावलेला आहे. महाडच्या सत्याग्रहात डॉ. आंबेडकरांच्या बरोबर असलेले अनंतराव चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस आणि गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांना आपण बाबासाहेबांचे ‘सहकारी’ म्हणतो, ‘कैवारी’ म्हणत नाही. 25 डिसेंबर 1927 रोजी मनुस्मृती दहनाचा ठराव सहस्रबुद्धे यांनी मांडला. जन्माने ब्राह्मण असलेल्या माणसाने तो मांडावा याला वजन होते, पण परिषद कोणाची आणि नेतृत्व कोणाचे, याबद्दल त्या मंडपात कोणाच्याही मनात संदेह नव्हता. ‘सहकारी’ या शब्दाआधी मराठीत षष्ठी येते : अमक्याचा सहकारी. ती षष्ठीच नेतृत्व कोणाकडे आहे ते सांगून टाकते, आणि म्हणून हा शब्द मला इतरांपेक्षा प्रामाणिक वाटतो.

दुसरे मत : ‘पाठीराखा’ का नको? आमच्याकडे नववधू पहिल्यांदा सासरी निघते तेव्हा तिच्यासोबत माहेरची एक बाई जाते, तिला पाठराखीण म्हणतात. सोहळा तिचा नसतो, मान तिचा नसतो, ती फक्त सोबत असते. ‘हम्बल अ‍ॅलाय’चा याहून सुंदर मराठी अर्थ कोणता असेल? शिवाय ‘सांगाती’ आणि सरकारी ‘दलितमित्र’ हे शब्दही विचारात घ्यावेत.

उत्तर : पाठराखिणीची आठवण फार चांगली आहे आणि अर्थाच्या दृष्टीने ती अगदी जवळ जाते. अडचण अशी की ‘पाठीराखा’ हे पुल्लिंगी रूप होताच शब्दाचा रंग पालटतो. बहिणीचा पाठीराखा भाऊ म्हटले की रक्षण करणारा बलवान पुरुष उभा राहतो, आणि ‘पाठराखण करणे’ तर आज बहुतेक वेळा गुन्हेगाराला वाचवण्यासाठीच वापरतात. ‘सांगाती’ गोड आहे, पण तुकोबांच्या अभंगातला सांगाती हाताला धरून चालवतो. तो देव आहे, त्याला तो अधिकार आहे. चळवळीतल्या गोऱ्या माणसाने हात धरून चालवावे, हेच तर नको आहे.

‘दलितमित्र’ या शब्दाचा मात्र स्वतंत्र विचार करायला हवा, कारण मराठीने घडवलेला हा ‘अ‍ॅलाय’च्या बराच जवळ जाणारा शब्द आहे. महाराष्ट्र शासनाचा पुरस्कारच या नावाचा होता, पुढे त्याला डॉ. बाबासाहेब आंबेडकर समाजभूषण हे नाव मिळाले. अशी पदवी दुसऱ्याने द्यायची असते, स्वतःच्या नावामागे लावायची नसते. ‘मी अ‍ॅलाय आहे’ हे इंग्रजीत सहज म्हणतात. ‘मी दलितमित्र आहे’ असे कोणी म्हणाले तर मराठी कानाला ते खटकते, आणि ते खटकणे योग्यच आहे. अनुवादात हे वाक्य आले तर ‘मी त्यांच्या लढ्यात सोबत आहे’ असे क्रियापदाने सांगावे, नामाने सांगू नये.

आता ‘हम्बल’. येथे ‘नम्र’ किंवा ‘विनयशील’ घेऊ नये असे माझे ठाम मत आहे. मराठीत नम्रता ही देहबोलीची आणि बोलण्याची गोष्ट झाली आहे. अत्यंत नम्रपणे बोलत माणूस व्यासपीठावरची मधली खुर्ची अडवून बसू शकतो. या संदर्भात जी गोष्ट सांगायची आहे ती श्रेयाची अपेक्षा न ठेवण्याची आहे, आणि त्यासाठी जोतीराव फुल्यांनी शब्द देऊन ठेवला आहे. 1873 मध्ये त्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. त्या अर्पणपत्रिकेत त्यांनी त्या लोकांचे तीन गुण नोंदवले आहेत : औदार्य, निरपेक्षता आणि परोपकारबुद्धी. औदार्य आणि परोपकार हे देणाऱ्याच्या बाजूचे शब्द आहेत आणि आज ते थोडे वरून आल्यासारखे वाटतात. मधला शब्द मात्र जसाच्या तसा उपयोगी आहे. मी ‘निरपेक्ष सहकारी’ असे लिहीन.

या निरपेक्षतेचे रूप कसे असते, ते 1964 च्या उन्हाळ्यात मिसिसिपीत दिसले. 21 जूनला जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर हे तीन कार्यकर्ते नेशोबा परगण्यात बेपत्ता झाले. चेनी त्याच राज्यातले कृष्णवर्णीय होते, दुसरे दोघे न्यूयॉर्कचे गोरे. सारा देश हादरला, शोधासाठी फौज आली, वार्ताहर जमले. श्वर्नर यांच्या पत्नी रीटा यांच्यापुढे ध्वनिक्षेपक आले, तेव्हा नवऱ्याच्या जिवाची काळजी करीत असतानाही त्यांनी सांगितले की, चेनी एकटेच बेपत्ता झाले असते तर यापूर्वीच्या कितीतरी प्रकरणांप्रमाणे याचीही कोणी दखल घेतली नसती. ते शोधकार्य चालू असतानाच हेन्री डी आणि चार्ल्स मूर या एकोणीस वर्षांच्या दोन कृष्णवर्णीय तरुणांचे अवशेष नदीत सापडले. त्यांना मे महिन्यातच मारले होते. त्या तिघांचे मृतदेह 4 ऑगस्टला मातीच्या एका बंधाऱ्यात सापडले. आपल्याकडे वळलेले लक्ष दुसऱ्याच्या उपेक्षेकडे वळवणे, तेही अशा घडीला, याला ‘नम्रता’ हा शब्द फार तोकडा पडतो.

तिसरे मत : ‘निरपेक्ष’ म्हटले की ‘धर्मनिरपेक्ष’ किंवा तत्त्वज्ञानातले ‘निरपेक्ष सत्य’ मनात येते. वाचक गोंधळणार नाही का? आणि मूळ लेखात इतिहासकारांनी नेत्यांचा ‘सन्मान’ करण्याचा विषय आहे, त्याबद्दल कोणीच लिहिले नाही.

उत्तर : ‘निरपेक्ष सेवा’, ‘निरपेक्ष प्रेम’ हे प्रयोग घराघरात आहेत. माणसासाठीच्या शब्दाला जोडल्यावरही ‘निरपेक्ष’चा अर्थ अपेक्षा न ठेवणारा असाच होतो, त्यामुळे गोंधळाचे कारण नाही.

सन्मानाचा मुद्दा अधिक मोलाचा आहे. ‘सत्कार’ शाल-नारळाचा असतो आणि ‘गौरव’ हा शब्द गौरवग्रंथामुळे चिकित्सेला सुट्टी देतो. इतिहासकाराचा सन्मान नोंदीत असतो, म्हणजे कोणाचे नाव लिहिले, कोणाचे गाळले आणि कोणते आधी आले, यात तो दिसतो. 1965 मध्ये अलाबामातल्या मॅरियन येथे राज्य पोलिसाच्या गोळीने जखमी झालेले जिमी ली जॅक्सन हे सव्वीस वर्षांचे कृष्णवर्णीय तरुण 26 फेब्रुवारीला वारले. मतदानाच्या हक्कासाठीच्या सेल्मा ते माँटगोमरी पदयात्रेची कल्पना त्यांच्या मृत्यूतून निघाली. पुढे सेल्मात मारहाण झालेले बॉस्टनचे गोरे धर्मोपदेशक जेम्स रीब 11 मार्चला वारले, आणि चार दिवसांनी अध्यक्ष जॉन्सन यांनी संसदेसमोर केलेल्या भाषणात एका भल्या, देवाच्या माणसाच्या मृत्यूचा उल्लेख केला, तो रीब यांचा. जॅक्सन यांचा उल्लेख झाला नाही, आणि चळवळीतल्या तरुणांना ते लागले. रीब यांचे बलिदान खरेच होते, त्याला उणे लेखण्याचा प्रश्नच नाही. पण ती हकिकत मराठीत लिहिणाऱ्याने जॅक्सन यांच्यापासून सुरुवात करावी.

त्याच पदयात्रेच्या अखेरच्या टप्प्यात इतिहासकारांची एक तुकडीही चालली. जॉन होप फ्रँकलिन हे कृष्णवर्णीय इतिहासकार तिच्यात होते, तसेच सी. व्हॅन वुडवर्ड आणि रिचर्ड हॉफस्टॅटर हे गोरे इतिहासकारही होते. 25 मार्चला माँटगोमरीच्या विधानभवनासमोर मार्टिन ल्यूथर किंग यांनी वुडवर्ड यांचे नाव घेऊन त्यांच्या संशोधनाचा आधार दिला : वंशभेदाचे कायदे यादवी युद्धानंतर आपोआप उगवले नव्हते, गरीब गोरे आणि कृष्णवर्णीय एकत्र येऊ नयेत म्हणून ते आणले गेले. इतिहासकाराने पुरावा द्यावा आणि नेत्याने तो आपल्या शब्दांत मांडावा, अशी कामाची ही वाटणी मला फार आवडते.

अनुवादकाच्या हातात सन्मानाचे आणखी एक साधन आहे, ते इंग्रजीत या रूपात नाही. 1963 मध्ये अलाबामातल्या न्यायालयात चळवळीच्या कार्यकर्त्या मेरी हॅमिल्टन यांना सरकारी वकिलाने ‘मेरी’ म्हणून हाक मारली. गोऱ्या साक्षीदारांना आडनावाने आणि आदराने संबोधण्याची, कृष्णवर्णीयांना नुसत्या नावाने पुकारण्याची तिथे रीत होती. ‘मिस हॅमिल्टन’ म्हटल्याशिवाय त्या उत्तर देईनात. न्यायालयाच्या अवमानाबद्दल त्यांना पाच दिवसांची कैद आणि 50 डॉलर दंड झाला, आणि 1964 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पिकल्या केसांच्या माणसालाही ‘धोंड्या’, ‘सख्या’ म्हणून पुकारणाऱ्या गावांचा इतिहास ज्या भाषेत आहे, तिच्या वाचकाला हे प्रकरण समजावून सांगावे लागणार नाही. म्हणून ‘रोझा उठली नाही’ असे लिहू नये, ‘रोझा पार्क्स उठल्या नाहीत’ असे लिहावे. मूळ इंग्रजीत एकेरी आणि आदरार्थी असा भेद नाही ही सबब येथे चालत नाही. क्लोडेट कोल्व्हिन यांना माँटगोमरीतच मार्च 1955 मध्ये, पार्क्स यांच्या नऊ महिने आधी, बसमधली जागा न सोडल्याबद्दल अटक झाली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. मी त्यांच्यासाठीही आदरार्थी रूपच वापरीन, कारण बसमधला वंशभेद ज्या खटल्याने बेकायदा ठरला त्यातल्या चार फिर्यादी स्त्रियांपैकी त्या एक होत्या.

प्रश्नकर्त्यांना अनुवादात वाक्याची रचना अशी करता येईल : ‘ड्युर दांपत्य हे निक्सन आणि पार्क्स यांचे निरपेक्ष सहकारी होते.’ षष्ठीतली नावे गाळू नयेत, आणि ती ‘सहकारी’ या शब्दाआधी याच क्रमाने ठेवावीत.