साप चावून मरतो तो अडाणीपणानं मरतो का?

नीराकाठ
दोन दिवसांपासून जवळपास प्रत्येक ग्रुपवर एक पोस्ट फिरतेय. लिहिणारा कोणीतरी शहरातला सुशिक्षित माणूस आहे. त्याचं म्हणणं असं, की सर्पदंशानं मरणारे लोक विषानं कमी आणि मांत्रिकामुळं जास्त मरतात. गमबूट घालत नाहीत, बॅटरी नेत नाहीत, दवाखान्यात जात नाहीत आणि मेल्यावर घरचे सरकारकडून दोन लाख उचलतात, म्हणून ही मदतच बंद करा. खाली शंभरेक लोकांनी अंगठे दिलेत. त्यात आपल्याच तालुक्यातली पोरं आहेत याचा जास्त राग आला, म्हणून सविस्तर लिहितोय.

रात्री दीड वाजता शेतकरी उसात काय करत असतो, हा प्रश्न या माणसाला पडलाच नाही. तो दारं धरायला, म्हणजे सरीसरीला पाणी फिरवायला गेलेला असतो. थ्री फेज लाईट आठवड्यातले तीन-चार दिवस दिवसा असते, उरलेले दिवस रात्री. रात्रीची पाळी आली की मोटर रात्रीच चालणार आणि पाणी रात्रीच फिरवावं लागणार. ऊस छातीला लागलेला, डोक्याला पट्ट्याची बॅटरी, हातात खोरं. सरी भरली की खाली वाकून दारं मोडायचं, पुढचं उघडायचं. वाकलं की हात सरळ बांधाच्या गवतात जातो. उंदीर तिथंच असतात, म्हणून घोणसही तिथंच असते. बॅटरीचा झोत समोर पडतो, घोणस पायाशी वेटोळं घालून पडलेली असते.

आता गमबूट. लिहिणाऱ्यानं एकदा भिजलेल्या काळ्या रानात गमबूट घालून दहा सऱ्या चालून दाखवाव्यात. पाय वर येतो, बूट चिखलातच राहतो. पाणी आत गेलं की एकेक बूट दोन-दोन किलोचा होतो. अनवाणी जाणं ही कोणाची हौस नाही.

माझ्या चुलतभावाला असाच घोणशीनं घोट्याला चावा घेतला. मांत्रिकाच्या दारात आम्ही एक मिनिट घालवलं नाही. मोटरसायकलवर मधे बसवून सरळ आरोग्य केंद्रात नेलं. तिथं कुलूप. शिपाई उठला, म्हणाला डॉक्टर मुक्कामी नसतात, पुढं न्या. पुढच्या दवाखान्यात म्हणाले सापाच्या विषावरची लस आहे, पण त्रास झाला तर आमच्याकडं सोय नाही, जिल्ह्याला न्या. जिल्ह्याला पोचलो तेव्हा उजाडलं होतं, त्याच्या हिरड्यांतून रक्त येत होतं आणि लघवी बंद झाली होती. डायलिसिसवर वाचला. दुभती म्हैस विकली, वर सोसायटीचं कर्ज आहे ते वेगळंच. यात अडाणीपणा नेमका कोणाचा, ते पोस्टवाल्यानं सांगावं.

डॉक्टर_तालुका
पोस्टची भाषा हलकट आहे, त्याबद्दल वाद नाही. पण नीराकाठ, तुमचा भाऊ सरळ दवाखान्यात आला म्हणून सगळे तसेच येतात असं समजू नका. ग्रामीण भागात इतकी वर्षं काढल्यावर मला हे बोलायचा हक्क आहे.

माझ्याकडे येणाऱ्या पेशंटचा पाय दोरीनं इतका करकचून बांधलेला असतो, की खालचा भाग काळानिळा पडलेला असतो. ब्लेडनं चिरलेला असतो. घोणशीच्या विषानं रक्त गोठत नाही, त्यात तुम्ही चिरा देता, मग ते थांबायचं कसं? कडुलिंबाचा पाला खायला घालून "कडू लागतं का?" विचारण्यात अर्धा तास जातो. कडू लागलं म्हणजे विष नाही, हे शास्त्र कोणी शिकवलं?

मांत्रिकाला यश का येतं तेही ऐका. चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. असा माणूस कुठंही नेला तरी उठून बसणारच. श्रेय मंत्राला.

एक मुलगी आणली होती, आठ-नऊ वर्षांची. जमिनीवर झोपलेली. पहाटे पोटात दुखतंय म्हणून रडली, मग पापण्या उघडेनात, थुंकी गिळता येईना. ही मण्यारीची लक्षणं. मण्यार चावलेली कळत नाही, सूज नाही, दुखत नाही, दाताची खूणही सापडत नाही. घरच्यांनी आधी देवळाच्या पारावर नेलं, अंगारा लावला, प्रदक्षिणा घातल्या. माझ्या दारात आली तेव्हा श्वास थांबलेला होता. मण्यारीचं विष श्वासाचे स्नायू लुळे पाडतं, मेंदू आणि हृदय शाबूत असतं. तासभर आधी आली असती तर नळी घालून हातानं फुगा दाबत बसलो असतो आणि ती जगली असती. ही वागणूक बदलायला कोणत्या सरकारी योजनेची गरज आहे?

गोदाकाठची
डॉक्टर, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण पारावर का नेलं, हे तुम्ही त्यांना विचारलं होतं का? आमच्या वस्तीवरून डांबरी रस्त्याला लागायला पाऊण तास चालावं लागतं, पावसाळ्यात ओढा आडवा येतो. १०८ ला फोन लागला तर गाडी डांबरीपर्यंतच येते. मांत्रिक वस्तीवरच राहतो, रात्री दोन वाजता हाक मारली तर उठतो, पैसे मागत नाही, "पुढं न्या" म्हणत नाही. त्याच्याकडं जाणाऱ्यांचा मंत्रावर विश्वास असतोच असं नाही. गाडी येईपर्यंत कोणीतरी काहीतरी करतंय एवढाच धीर असतो. तुमच्या केंद्राचं दार रात्री उघडं ठेवून बघा, मग पारावर किती जातात ते मोजू.

आणि जमिनीवर झोपणं. घरात एकच खाट असते, तिच्यावर म्हातारा नाहीतर बाळंतीण. पोरं आणि बाया खालीच. कुडाची भिंत, कोपऱ्यात ज्वारीचं पोतं, पोत्यापाशी उंदीर, उंदरामागं साप. घरकुलाच्या यादीत नाव लागलं तर हे बदलेल.

लाईनवरचा
नीराकाठच्या पोस्टमध्ये सगळा दोष रात्रीच्या लाईटवर टाकलाय म्हणून लिहितो. मी खांबावर चढणारा माणूस आहे, साहेब नाही. दिवसा सगळ्या पंपांना एकदम लाईट दिली तर सबस्टेशन बसेल, म्हणून फीडर, म्हणजे गावांकडं जाणाऱ्या लाईनी, पाळीनं वाटून दिलेत. हे वायरमननं ठरवलेलं नाही, पण शिव्या वायरमनला.

आणि तुम्ही रात्री का जाता हे मीच सांगतो. निम्म्या मोटरींना ऑटो स्विच लावलेत. लाईट आली की सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठतात, डीपीवर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवर, एकदम लोड येतो, फ्यूज उडतो नाहीतर डीपी जळतो. मग अंधारात डीपीकडं कोण जातं? तुम्हीच. कपॅसिटर बसवा म्हणून किती वर्षं सांगतोय, कोणी बसवत नाही. तारेवर आकडे टाकून वीज चोरणारे वेगळेच.

माळरान
लाईनवरचे, तुमचं हे ऑटोचं पुराण आम्ही प्रत्येक उन्हाळ्यात ऐकतो. ऑटो का लावतो? लाईट रात्री कधी येईल, कधी जाईल याचा भरवसा नाही म्हणून! बाराचा टाइम सांगता, येते सव्वाला. जाऊन परत आली तर पुन्हा बटन दाबायला दोन किलोमीटर चालत विहिरीवर कोण जाणार? ऑटो काढला तर आणखी फेऱ्या अंधारात मारायच्या, म्हणजे सापाला आणखी संधी.

डीपी जळाल्यावर काय होतं तेही लिहा ना. आमचा डीपी गव्हाला शेवटचं पाणी असताना जळाला. अर्ज दिला. आधी डीपीवरच्या सगळ्यांनी थकबाकी भरा म्हणे. भरली. मग डीपी उतरवायला माणसं आमची, टेम्पोचं भाडं आमच्या वर्गणीतून, ऑइल नाही म्हणून अजून थांबा. गहू वाळून गेला. तुम्ही एकटे प्रामाणिक असाल, आम्हाला काय उपयोग?

लाईनवरचा
टेम्पोचे पैसे मी घेतले का? आमच्यात एका माणसाकडं किती गावं असतात ते विचारा आधी. पावसात खांबावर चढून शॉक लागून आमचीही माणसं गेलीत. त्यांच्यावर कोणी पोस्ट लिहीत नाही.

करदाता_पुणे
एक साधा प्रश्न. २०२४ पासून साडेसात एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना वीज फुकट आहे. फुकट पण हवी आणि सोयीच्या वेळी पण हवी? आम्ही शहरात युनिटला भरमसाट दर भरतो, त्यातूनच हे चालतं.

नीराकाठ
करदाते, फुकट मागितली कोणी? फेब्रुवारी २०२२ मध्ये कोल्हापुरात शेतकरी नेते राजू शेट्टी आणि शेतकरी वीज कंपनीच्या कार्यालयासमोर ठाण मांडून बसले होते. त्यांची मागणी काय होती? दिवसा दहा तास वीज. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ ची, २०२३ मध्ये तिचीच दुसरी आवृत्ती आली, दोन्ही वेळा दिवसा वीज देऊ असंच सांगितलं. ज्या गावांचे फीडर सौरवर आले तिथली माणसं रात्री झोपतात. आमच्याकडं अजून रात्रीचीच पाळी आहे. बिल घ्या, पण लाईट दिवसा द्या. तुम्ही जी साखर आणि भाजी खाता ती रात्री पाणी पिऊन वाढलेली आहे.

बिबटवाला_जुन्नर
आमच्याकडं घोणस नंतर, आधी बिबट्या. उसातच वितो, उसातच वाढतो. दिवसा लाईट द्या म्हणून आम्ही घसा कोरडा केला. बिबट्यानं माणूस नेला की टीव्हीवाले येतात, साप चावून मेला तर शेजारच्या गावालाही कळत नाही.

सर्पमित्र_विदर्भ
धागा सर्पदंशाचा होता, डीपीत अडकलाय. बिबटवाल्यांचं शेवटचं वाक्य मात्र महत्त्वाचं आहे. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सुमारे बारा लाख माणसं सर्पदंशानं गेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८,०००. निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबरमधले. सरकारी आकडे याच्या कितीतरी खाली, कारण दवाखान्यात न पोचलेला माणूस मोजलाच जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१७ साली सर्पदंशाला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घातलं, नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्रानं राज्यांना सांगितलं की याची नोंद सक्तीची करा. म्हणजे आत्ता कुठं मोजायला सुरुवात.

डॉक्टरसाहेब, माझा राग तुमच्या लोकांवर आहे. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, चारही विषांवर चालणारी लस सरकार फुकट देतं. तरी रात्री "पुढे न्या" का?

डॉक्टर_तालुका
कारण भीती. लस घोड्याच्या रक्तापासून बनते, काहींना तिची रिॲक्शन येते, अंगावर पित्त उठतं, रक्तदाब कोसळतो. ॲड्रेनलिन भरून हाताशी ठेवलं तर बहुतेक वेळा सावरता येतं, पण एकटा डॉक्टर, एक सिस्टर, आणि बाहेर चाळीस नातेवाईक. पेशंट दगावला तर आधी काचा फुटतात. म्हणून नवीन पोरं लस न देताच चिठ्ठी लिहितात. पहिला डोस देऊन मगच गाडीत घातलं पाहिजे. चुकतंय आमचं, हे मी ट्रेनिंगमध्येही बोलतो. महाडला डॉ. हिम्मतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन वापरून माणसं वाचवली, ती साध्या दवाखान्यातच. सोय नाही हे कारण दर वेळी खरं नसतं.

रात्रीच्या लाईटचा मुद्दाही मान्य करतो, नाइलाजानं. केसपेपरवर "कुठे चावला" हा रकाना असतो. माझ्याकडच्या पेपरांवर "शेतात, पाणी देताना" किती वेळा लिहिलंय ते आठवलं. पण पारावरचा मुद्दा मी सोडणार नाही. आमची मंडळी सुधारेपर्यंत लोकांनी दोरी आवळत बसायचं का? हातपाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि निघा, एवढं तर वस्तीवर जमेल. खाट नसेल तर मच्छरदाणी लावून कडा अंथरुणाखाली नीट खोचा, मण्यार आत शिरत नाही. याला घरकुलाची यादी लागत नाही.

गोदाकाठची
मच्छरदाणीचं पटलं, आशाताईला सांगते. दोरीचंही सांगते.

आता पोस्टवाल्याच्या दोन लाखांबद्दल, कारण त्यावर इथं कोणीच बोललं नाही. ती गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना. ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एका माणसाला. माझा मामा सालगडी होता. दुसऱ्याच्या रानात, दुसऱ्याच्या मोटरीवर, रात्री दारं धरताना गेला. सातबारा मालकाचा, म्हणून मामी बसतच नाही त्या योजनेत. ऊसतोड कामगार, रोजानं निंदायला जाणारी बाई, कोणीच बसत नाही.

करदाता_पुणे
हे माहीत नव्हतं. मजूर वगळलेत हे चूक आहे. विजेच्या दराबद्दलचं माझं मत तेच आहे.

डॉक्टर_तालुका
ताई, मामाचं पोस्टमॉर्टेम झालं होतं का? मालकाच्या कामावर असताना मृत्यू झालाय, तर नुकसानभरपाईसाठी कामगार कायद्यानं काही करता येतं का ते वकिलाला विचारा. त्याला कागद लागेल.

गोदाकाठची
नाही झालं. मालक म्हणाला पोलिसांची भानगड नको, सकाळीच उरकून घ्या. मामीला सही येत नाही, कागद मागायचा असतो हे तिला कोणी सांगितलं नाही. अजून त्याच रानात खुरपायला जाते.

नीराकाठ
ताई, तालुका कोणता ते मला खाजगीत कळवा. आमच्याकडं एक वकील आहेत, मजुरांच्या केसेस फी न घेता बघतात. ग्रामपंचायतीत मृत्यूची नोंद झाली असेल तर तिची नक्कल आधी काढून ठेवा.