प्रतिसाद: पटतं सगळ्यांनाच, पण हाताला वळण?

वरच्या चर्चेत म्हटलंय की प्रसूतिगृहातल्या सिस्टरांना अंगावरच्या दुधाचं महत्त्वच पटलेलं नसतं, म्हणून त्या वरचं दूध सुचवतात. मला हे अर्धंच पटतं. महत्त्व विचारा, घडाघडा सांगतील; घोडं अडतं ते बाळ प्रत्यक्ष छातीशी लावताना. माझ्या बहिणीच्या वेळी ड्यूटीवरची सिस्टर चांगली प्रेमळ होती, पण बाळाचं डोकं मागून धरून छातीवर दाबायची. डोक्याला मागून रेटा बसला की बाळ उलट मागे ताणतं आणि रडतं. मग निदान ठरलेलं, 'दूधच नाही'. दुसऱ्या पाळीतल्या बाईंनी हात मानेखाली-खांद्यांवर घेतला, बाळाची हनुवटी आधी टेकवली, तोंड मोठं उघडेपर्यंत थांबल्या, आणि लागलं की बाळ! दूध तेच, आई तीच.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या 'दहा पायऱ्यां'चा (स्तनपान यशस्वी व्हावं म्हणून प्रसूतिगृहांसाठी केलेल्या यादीचा) उल्लेख अजून कुणी केलेला दिसत नाही. १९८९च्या मूळ यादीत दुसरी पायरी कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या अशी होती. २०१८च्या सुधारणेत ती बदलून, त्यांच्याकडे पुरेसं ज्ञान, क्षमता आणि कौशल्य असल्याची खात्री करा, अशी झाली. म्हणजे वर्गात बसून सही केली की झालं, हे आता चालत नाही (निदान कागदावर तरी). पहिल्या दिवशी चीक (आईचं पहिलं दाट दूध) थोडाच येतो आणि तेवढा पुरतो, हेही रात्रपाळीच्या सिस्टरला माहीत हवं. कारण पावडरच्या दुधाचा डबा उघडायचा निर्णय बहुधा रात्री दोनलाच होतो, तेव्हा स्तनपान सल्लागार घरी झोपलेले असतात.