उ: खेकडा वाळूत गेला तो वर येईना
तीन आठवडे झाले पाळलेला हर्मिट क्रॅब (रिकाम्या शंखात राहणारा खेकडा) वाळूतून वर आला नाही, उकरून बघू का असं वर विचारलंय. अजिबात उकरू नका! तो कात टाकत असणार, त्यात अंग एकदम मऊ असतं, धक्का लागला तर संपलंच. मोठ्या खेकड्याला दोन महिनेसुद्धा लागतात आणि जुनं कवच तो स्वतःच खातो, कॅल्शियमसाठी, त्यामुळे ते पण काढून टाकू नका. मेला असेल तर सडक्या माशासारखा वास येतो, तो लपत नाही. मी पहिल्यांदा घाईने उकरला होता, अजून वाईट वाटतं.

बाकी तुम्ही तारेचा पिंजरा म्हणताय तो आधी बदला. हे जमिनीवर राहत असले तरी श्वास कल्ल्यांनीच घेतात आणि कल्ले ओले राहायला हवेत, म्हणजे ७५-८५ टक्के दमटपणा पाहिजे, तो जाळीत टिकणार कसा? झाकणवाली काचेची टाकी घ्या, खाली वाळू आणि नारळाचा भुसा ५ ला १, किमान १५ सेंमी, खेकडा मोठा असेल तर अजून खोल, आणि किल्ला बांधता येईल इतपतच ओली. अर्थात हे सगळं तो वर आल्यावर, तोवर जाळीला बाहेरून प्लास्टिक गुंडाळा. पाणी दोन भांड्यांत, एक गोडं एक खारं, दोन्ही क्लोरीन काढलेलं, आणि खाऱ्यासाठी स्वयंपाकातलं मीठ नको, मत्स्यालयाचं समुद्री मीठच. रंगवलेले शंख मात्र नकोच, रंगाचे टवके पोटात जातात. साधे, थोडे मोठे चारपाच ठेवा, निवडेल तो.